ऑपरेशन छान झालं, मग बाळ असं का दिसतंय?

सर्जन बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "ऑपरेशन छान झालं. हृदयातलं छिद्र बंद केलंय." ताईचा जीव भांड्यात पडला. तासाभराने तिला आणि भाऊजींना आयसीयूत, म्हणजे अतिदक्षता विभागात, पाच मिनिटं सोडलं. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. १४ महिन्यांची तिची लेक पांढरीफटक पडलेली, तोंडात नळी, मानेत नळी, छातीखालून दोन नळ्या, आणि हाक मारली तर पापणीसुद्धा हलली नाही. दुसऱ्या दिवशी तर चेहरा इतका सुजला की डोळे उघडेनात. "छान झालं म्हणाले ना, मग ही अशी का?" ताई ज्याला त्याला हेच विचारत होती.

या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. ते आम्हाला कुणी आधी समजावलं असतं, तर त्या दोन रात्री इतक्या भीतीत गेल्या नसत्या. डॉक्टर खोटं बोलत नव्हते आणि भाचीची तब्येतही हाताबाहेर गेली नव्हती. एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या होत्या. तिच्या हृदयाची दुरुस्ती झाली होती, आणि त्या दुरुस्तीपायी तिच्या अख्ख्या शरीराला मोठा धक्का बसला होता. दुरुस्ती काही तासांत उरकते. धक्क्यातून सावरायला दिवस लागतात, कधी आठवडे. आयसीयूच्या काचेतून आपल्याला जे दिसतं, ते बहुतेक या धक्क्याचं असतं.

प्रत्येक बाळाचा आजार वेगळा, म्हणून तुमच्या डॉक्टरांचा शब्द या लेखाच्या वर. पण ते जे बोलतात ते कळावं, नेमकं काय विचारायचं ते सुचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मुळात बिघडलेलं असतं काय?

हृदय म्हणजे एकमेकांना चिकटून बसलेले दोन पंप. उजवा पंप शरीरभर फिरून आलेलं, ऑक्सिजन कमी झालेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. डावा पंप फुप्फुसांतून ताजं होऊन आलेलं रक्त सगळ्या अंगाला पुरवतो. मध्ये भिंत, आणि रक्त उलटं फिरू नये म्हणून झडपा. हे सगळं बांधकाम गर्भात पहिल्या साधारण आठ आठवड्यांत होतं. जन्मणाऱ्या दर शंभर बाळांमागे साधारण एकाच्या हृदयात काही ना काही दोष राहून जातो. त्यातले बरेच किरकोळ असतात, काही छिद्रं आपोआप बुजतात. उरलेल्यांना उपचार लागतात.

मधल्या भिंतीला मोठं छिद्र असेल तर डाव्या, जोरकस पंपातलं रक्त उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांत गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्त जातं. असं बाळ दूध पिताना दमतं, घामाघूम होतं, वजन धरत नाही. आमच्या भाचीचं हेच होतं. दुसऱ्या प्रकारात फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते आणि काळपट रक्त छिद्रातून थेट शरीराकडे निघून जातं. त्या बाळांचे ओठ आणि नखं निळसर दिसतात. याहून अवघड प्रकारही आहेत. कुठे दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, कुठे एक पंप नीट घडलेलाच नसतो.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते. बहुतेक बाळांमध्ये या दोषाचं एकच एक कारण सापडत नाही. काही वेळा जनुकांतला बदल, आईचा मधुमेह, गरोदरपणातला रुबेला किंवा ठरावीक औषधं यांचा संबंध असतो. पण आईने जड उचललं, जिना चढली, नको ते खाल्लं म्हणून बाळाच्या हृदयाला छिद्र पडत नाही. असं कुणी आईला बोलून दाखवत असेल, तर घरातल्याच कुणीतरी त्याला तिथल्या तिथे थांबवावं.

हृदय थांबवलं, तर रक्त कोण फिरवतं?

धडधडत्या, रक्ताने भरलेल्या हृदयाच्या आत टाके घालता येत नाहीत. म्हणून काही वेळापुरतं त्याचं काम हार्ट-लंग मशीनकडे सोपवतात. शरीराकडून हृदयात येणारं रक्त नळ्यांनी बाहेर घेतलं जातं, यंत्रात त्याला ऑक्सिजन मिळतो आणि ते परत मोठ्या धमनीत सोडलं जातं. इकडे हृदयाला भरपूर पोटॅशियम असलेलं द्रावण देऊन शांत करतात. मग सर्जनला शिवण्याजोगं कोरडं, स्थिर हृदय मिळतं.

हे यंत्र वापरून हृदयाच्या आतलं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९५३ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीवर केलं. पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राविनाच वाट काढली. त्यांनी शेजारच्या टेबलावर एका मोठ्या माणसाला, बहुतेकदा बाळाच्या आईला किंवा वडिलांना, झोपवलं आणि दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या. लेकराचं हृदय बंद असेपर्यंत बापाचं हृदय आणि फुप्फुसं दोघांचं काम करत. अशी ४५ ऑपरेशनं झाली. एकाच ऑपरेशनमध्ये दोन जीव पणाला लागतात म्हणून त्यावर टीकाही झाली, आणि यंत्रं सुधारल्यावर ही पद्धत मागे पडली. आयसीयूच्या दाराशी बसलेले आईबाप पाहिले की मला वाटतं, आज विचारलं तरी यातला एकही जण त्या टेबलावर झोपायला नाही म्हणणार नाही.

यंत्राने काम भागतं, पण शरीराला ते मानवत नाही. रक्ताला सवय असते ती रक्तवाहिनीच्या आतल्या मऊ अस्तराची. प्लॅस्टिकच्या नळ्यांना लागताच शरीराची समजूत होते की बाहेरचं काहीतरी आत घुसलंय. संरक्षण करणाऱ्या पेशी एकदम खवळतात, अंगभर दाह सुरू होतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि रक्तातलं पाणी आजूबाजूला उतरतं. ताईला दिसली ती सूज हीच.

हे मोठ्या माणसातही होतं, पण बाळात फार जास्त. बाळाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. ५ किलोच्या बाळात जेमतेम ४०० मिलिलिटर, म्हणजे लहानशा तांब्यात मावेल एवढं. यंत्राच्या नळ्या आधीच द्रावणाने आणि गरज पडली तर दात्याच्या रक्ताने भरून घ्याव्या लागतात. ते सगळं या इवल्याशा साठ्यात मिसळतं.

"पण ओळखीतल्या एका मुलाचं छिद्र मांडीतून नळी घालून बंद केलं, ते तर दोन दिवसांत घरी आलं!" हे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. ते खरंही असतं. काही जागची, काही मापाची छिद्रं छाती न उघडता रक्तवाहिनीतून बटणासारखी पट्टी नेऊन बुजवता येतात. तिथे हृदय थांबवावं लागत नाही, यंत्र लागत नाही, त्यामुळे हा धक्काही बसत नाही. सगळ्या छिद्रांना ही सोय लागू पडत नाही. दोन मुलांची तुलना करायची तर आधी दोघांचा आजार एकच आहे का ते पाहावं.

पहिली रात्र सगळ्यात नाजूक का?

पावसाने भिजलेली भिंत आठवा. पाऊस थांबतो त्या क्षणी भिंत बरी दिसते. ओल वर येते ती नंतर, आणि सुकायला बरेच दिवस घेते. ऑपरेशननंतरचं तसंच आहे. बराच वेळ रक्ताविना राहून जागं झालेलं हृदय दमलेलं असतं. ऑपरेशननंतर साधारण सहा ते अठरा तासांच्या दरम्यान त्याचा जोर आणखी थोडा उतरतो आणि मग हळूहळू भरून येतो. डॉक्टर आणि सिस्टर या उताराची वाटच पाहत असतात. म्हणून पहिल्या रात्री बाळाजवळून कुणी हलत नाही.

त्या वेळी उपाय दोन बाजूंनी चालतो. एक, हृदयावरचं ओझं कमी करायचं. श्वास घेणं ही बाळासाठी मोठी मेहनत असते, ती व्हेंटिलेटर करतो. रडणं, हातपाय झाडणं, ताप, या सगळ्याला जास्त रक्त लागतं, म्हणून बाळाला गुंगीत ठेवतात आणि अंग तापू देत नाहीत. दोन, हृदयाला हात द्यायचा. बिछान्याशेजारी एकावर एक रचलेले सिरिंज पंप दिसतात, त्यांतून ताकद देणारी आणि रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं थेंबाथेंबाने जात असतात. घाट चढणाऱ्या गाडीतलं सामान उतरवायचं आणि मागून धक्काही द्यायचा, असा तो प्रकार.

"मग बाळ व्हेंटिलेटरवर आहे म्हणजे गंभीर आहे ना?" नाही, निदान त्या एका कारणाने तरी नाही. व्हेंटिलेटर हा शब्द आपण वाईट बातम्यांमध्येच ऐकलेला असतो. इथे तो ठरवून दिलेला आधार आहे. साध्या दुरुस्तीनंतर काही मुलांची नळी ऑपरेशन थिएटरमध्येच किंवा काही तासांत काढतात, काहींची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि मोठं, अवघड ऑपरेशन असेल तर आणखी उशिरा.

काही बाळांची छाती तर मुद्दाम उघडी ठेवून वरून फक्त निर्जंतुक पडदा लावलेला असतो. हे पाहून आईबापांच्या पायाखालची जमीन सरकते. कारण मात्र समजण्यासारखं आहे. सुजलेल्या हृदयाला छातीच्या पिंजऱ्यात जागा पुरत नाही, हाडं घट्ट मिटली तर ते दाबलं जाईल. सूज उतरली की, बहुधा काही दिवसांत, छाती बंद करतात.

एवढ्या नळ्या कशाला?

ताईला खरी भीती नळ्यांची वाटली. एका सिस्टरनी तिला हात धरून डोक्यापासून पायापर्यंत एकेक नळी दाखवली, त्यानंतर ती पहिल्यांदा खुर्चीत बसली. तसंच इथे करते.

तोंडातली किंवा नाकातली जाड नळी श्वासनलिकेत जाते आणि व्हेंटिलेटरला जोडलेली असते. ती स्वरयंत्रामधून जाते म्हणून बाळ रडलं तरी आवाज येत नाही. हे माहीत नसेल तर ते मुकं रडणं बघवत नाही. नाकातली बारीक नळी पोटात जाते, आधी पोटातली हवा बाहेर काढायला, नंतर दूध द्यायला. कपाळावर चिकटवलेला पट्टा मेंदूला ऑक्सिजन पुरतोय का ते सांगतो. मानेतली किंवा मांडीतली नळी मोठ्या शिरेत असते. औषधं तिथून जातात, कारण ही जोरदार औषधं हातापायाच्या बारीक शिरांना सोसत नाहीत. मनगटातली सुई धमनीत असते, तिच्यातून क्षणाक्षणाचा रक्तदाब कळतो आणि तपासणीसाठी रक्तही घेता येतं. दर वेळी टोचावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

छातीखालच्या नळ्या म्हणजे ड्रेन. हृदयाभोवती रक्त साचून दाब येऊ नये म्हणून त्या असतात. त्यांतलं रक्त पाहून घाबरायला होतं, पण ते बाहेर येतंय हेच बरं. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर पाण्यासारखं होत गेलं की सगळं मार्गावर आहे. नळी एकदम कोरडी पडली किंवा एकदम भरून वाहू लागली, तर सिस्टर लगेच डॉक्टरांना बोलावतात. त्याच भागातून कधी दोन-चार केसासारख्या तारा बाहेर आलेल्या दिसतात. त्या हृदयाच्या पृष्ठभागाला लावलेल्या असतात आणि ठोका चुकला तर तात्पुरत्या पेसमेकरला जोडतात. घरी जायच्या आधी त्या ओढून काढतात.

शेवटी लघवीची नळी. आयसीयूत लघवीला इतका भाव का, हे आम्हाला आधी कळेना. सिस्टर दर तासाला मापायच्या आणि चेहरा उजळायचा. पंपाचा जोर कमी पडला की शरीर आधी मूत्रपिंडांचा पुरवठा आखडतं. म्हणून दर किलोमागे तासाला साधारण एक मिलिलिटर लघवी होत असेल, तर हृदय पुरेसं काम करतंय. लघवी वाढली की सूजही उतरते. भाऊजींनी त्या दोन दिवसांत घरच्या गटावर पाठवलेले सगळे मेसेज एकाच विषयाचे होते, "आज चांगली शू झाली." आम्ही सगळे त्यावर हात जोडत होतो.

या नळ्या घालताना एकदम घातल्या जातात आणि निघतात एकेक करून. बाळ किती बरं झालं हे मोजायचं असेल, तर मॉनिटरपेक्षा नळ्या मोजाव्यात.

मॉनिटर वाजला, आता काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. बाळाचा पाय हलला, बोटाची पट्टी सरकली तरी तो वाजतो. सिस्टर आधी बाळाकडे पाहतात, मग पडद्याकडे. आपणही तसंच करायला शिकावं.

पडद्यावरच्या आकड्यांची तुलना मोठ्या माणसाशी करू नये. तान्ह्या बाळाचं हृदय मिनिटाला १०० ते १६० ठोके सहज देतं. रक्तदाब आपल्यापेक्षा कितीतरी कमी असतो. ऑक्सिजनचा आकडा, ज्याला सगळे सॅच्युरेशन म्हणतात, त्याचा तर मोठाच घोळ होतो. छिद्र बंद झालेल्या मुलाचा तो ९५ च्या वर अपेक्षित असतो. पण एकच पंप असलेल्या मुलांची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होते. त्यांच्या पहिल्या टप्प्यानंतर ७५ ते ८५ हाच योग्य आकडा असतो आणि तो ९५ झाला, तर फुप्फुसांत जास्त रक्त जातंय म्हणून डॉक्टरांना काळजी वाटते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, "आमच्या बाळाचा आकडा किती असायला हवा?"

त्याहून उपयोगी दुसरा प्रश्न आहे, "कालच्या मानाने आज कुठल्या दिशेने चाललंय?" एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. व्हेंटिलेटरचा आधार काल किती होता आणि आज किती, ताकदीची औषधं वाढली की घटली, रक्तातलं लॅक्टेट उतरतंय का, यावरून चित्र कळतं. लॅक्टेट म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की साठणारं आम्ल. "पेशंट स्टेबल आहे" याचाही अर्थ या भाषेत लावावा: आधार आहे तसाच ठेवून बाळ टिकून आहे. बरं झालं असा त्याचा अर्थ नाही आणि बिघडलं असाही नाही.

बाळाला दुखत असेल ना?

दुखतं, आणि म्हणूनच वेदनाशामक औषधं सतत चालू असतात. हे पूर्वी इतकं गृहीत धरलेलं नव्हतं. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांना ऑपरेशनच्या वेळीही फार हलकी भूल देत. त्यांची मज्जासंस्था कच्ची, त्यांना वेदना नीट कळतच नाही, अशी समजूत होती. १९८७ मध्ये डॉ. कंवलजीत आनंद आणि डॉ. पॉल हिकी यांनी बाळांना वेदना होतात याचे पुरावे एकत्र मांडले. १९९२ मध्ये त्याच दोघांनी नवजात बाळांच्या हृदयाच्या ऑपरेशनमध्ये दाखवून दिलं की खोल भूल आणि पुरेशी वेदनाशामकं मिळालेल्या बाळांमध्ये गुंतागुंत आणि मृत्यू कमी होतात. वेदना थांबवणं हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यातून पक्कं झालं.

बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना सिस्टर चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींना गुण देऊन मोजतात. आईला यातलं बरंच न मोजता कळतं. "तिचं हे रडणं भुकेचं नाही, दुखण्याचं आहे" असं वाटलं तर बिनदिक्कत सांगावं.

औषधं बरेच दिवस चालली असतील तर ती हळूहळूच उतरवावी लागतात, कारण शरीराला त्यांची सवय झालेली असते. त्या काळात बाळ किरकिरं होतं, घाम येतो, हातपाय थरथरतात, सारख्या जांभया आणि शिंका येतात, शी पातळ होते. हे व्यसन नाही. वेग कमी केला की आटोक्यात येतं.

आपण तिथे कशाच्या उपयोगाचे?

नळ्यांच्या त्या जंगलात आईबापांना आपण अडगळ वाटायला लागतो. तसं अजिबात नाही. गुंगीतल्या बाळालाही ओळखीचा आवाज आणि स्पर्श पोचतो असं समजूनच वागावं. कपाळावर किंवा तळपायावर तळहात स्थिर ठेवावा. थोपटणं किंवा सारखं कुरवाळणं नको, त्याने पहिल्या दिवसांत बाळ उगाच चाळवतं. हात धुऊनच जवळ जायचं, सर्दी-खोकला असेल तर जायचंच नाही, मग ती आजी का असेना. आईचं दूध सुरू असेल तर ती दर काही तासांनी ते काढून ठेवू शकते, बाळाला पुढे तेच मिळेल. आणि आईबापांनी आळीपाळीने झोपावं. ताई दोन रात्री झोपली नाही आणि तिसऱ्या दिवशी, नेमकं लेकीने डोळे उघडले तेव्हा, चक्कर येऊन पडली.

काल बरं होतं, आज मागे का गेलं?

हे होतं. बाळांची सुधारणा सरळ चढणीसारखी नसते, दोन पावलं पुढे आणि एक मागे अशी असते. पहिल्या दोन दिवसांत हृदयाचे ठोके अचानक फार जलद होऊ शकतात. त्यावर बाळाचं अंग थोडं थंड ठेवून आणि औषधांनी उपाय करतात. उलट कधी ठोका फारच मंद होतो, कारण छिद्राच्या कडेनेच हृदयाची विजेची वाट जाते आणि टाक्यांजवळच्या सुजेने ती अडते. बऱ्याचदा ती आठवड्या-दहा दिवसांत मोकळी होते, नाही झाली तर कायमचा पेसमेकर बसवतात. फुप्फुसाचा एखादा कोपरा मिटतो, छातीत पाणी साचतं, जंतुसंसर्ग होतो. ड्रेनमधून दुधाळ पाणी येऊ लागलं, तर अन्नातली चरबी वाहून नेणारी छातीतली नळी गळत असते. मग काही आठवडे वेगळ्या प्रकारची चरबी असलेलं खास दूध देतात.

"म्हणजे डॉक्टरांची चूक झाली?" बहुतेक वेळा नाही. छाती एवढीशी, त्यात नसा आणि वाहिन्या एकमेकांना खेटून, आणि काम मिलिमीटरमध्ये. या गुंतागुंती कितीही कसलेल्या हातांत काही मुलांना होतातच. पण विचारायला भिऊ नये. "हे का झालं, हे अपेक्षित होतं का, आता काय करणार?" हे तीन प्रश्न विचारणं हा आईबापांचा हक्क आहे. आम्हाला एकदा फक्त "बघू" एवढं उत्तर मिळालं आणि ती अख्खी दुपार आम्ही नाही नाही ते विचार करण्यात घालवली. वाईट बातमी नीट समजावून सांगितली तर माणूस ती पचवतो, न सांगितलेली पचवता येत नाही.

नळी निघाल्यावरचे दिवस

श्वासाची नळी निघाली की आवाज परत येतो, पण घोगरा. भाचीची पहिली हाक ऐकून ताई दचकलीच. नळीमुळे स्वरयंत्राला सूज येते, ती बहुधा काही दिवसांत उतरते. आवाज बसलेलाच राहिला किंवा पिताना ठसका लागू लागला, तर स्वरयंत्राची नस दुखावली आहे का ते तपासतात. तोवर तोंडाने पाजायची घाई करू नये, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

दूध ओढणं, गिळणं आणि मध्येच श्वास घेणं हा तान्ह्या बाळाचा व्यायाम आहे. दमलेल्या हृदयाला तो एकदम झेपत नाही. म्हणून थोडं तोंडाने, उरलेलं नाकातल्या नळीने, असं काही दिवस चालतं. थोड्या मोठ्या मुलांना भिरभिरं फुंकायला, साबणाचे फुगे उडवायला देतात. तो खेळ दिसतो, पण मिटलेली फुप्फुसं त्याने उघडतात. साध्या दुरुस्तीनंतर मूल आठवड्याच्या आतबाहेर घरी जातं, अवघड ऑपरेशननंतर कित्येक आठवडेही लागतात.

घरी आल्यावर

छातीच्या मधलं हाड कापून पुन्हा जोडलेलं असतं. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मुलाला काखेत हात घालून किंवा दंडाला धरून उचलायचं नाही. एक हात मानेखाली-पाठीखाली, दुसरा कुल्ल्याखाली, असं ओंजळीत घेतल्यासारखं उचलायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं, कारण लहान मूल दिसलं की माणसाचे हात आपोआप काखेकडे जातात.

औषधाची उलटी झाली तर मनाने दुसरा डोस देऊ नये, फोन करून विचारावं. रक्त किंवा रक्तातले घटक दिलेले असतील तर गोवर, कांजण्या अशा जिवंत विषाणूंच्या लसी काही महिने पुढे ढकलाव्या लागतात, बाकीच्या लसींचं डॉक्टर सांगतील. दात घासण्यात हयगय नको. किडक्या दातांतले जंतू रक्तात शिरून हृदयाच्या आतल्या अस्तराला जाऊन चिकटू शकतात. म्हणून दाताच्या डॉक्टरांना ऑपरेशनबद्दल आठवणीने सांगावं.

ताप, जोरजोरात श्वास, ओठ निळे पडणं, दूध सोडणं, सारख्या उलट्या, जखम लाल होणं किंवा तिच्यातून पू येणं, मूल नेहमीपेक्षा मलूल वाटणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा. ऑपरेशनला आठवडे लोटल्यावर ताप आला तरी तो साधा धरू नये. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येऊन तिथे पाणी साचू शकतं आणि ते वेळेत कळावं लागतं.

शरीर सावरल्यावरही मन जरा मागे रेंगाळतं. मूल रात्री दचकून उठतं, एक क्षण खाली उतरत नाही, शू सांगायला लागलेलं पुन्हा कपडे ओले करतं. ते लाडावलेलं नाही, घाबरलेलं आहे. काही आठवडे रोजचा क्रम तोच ठेवला की हळूहळू निवळतं. महिन्याभरानंतरही तसंच राहिलं तर डॉक्टरांना सांगावं. आईबापांनाही नंतर महिनोन्महिने मॉनिटरचा आवाज कानात वाजत राहतो, झोप उडते. तोही आजारच आहे आणि त्यालाही उपचार असतात. अवघड दोष असलेल्या मुलांमध्ये बोलणं, चालणं, लक्ष लागणं थोडं उशिरा येऊ शकतं. म्हणून हृदयाच्या तपासणीबरोबर वाढीची तपासणीही वेळच्या वेळी करून घ्यावी. लवकर लक्षात आलं तर पुष्कळ भरून काढता येतं.

घरी सोडताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: दोषाचं नाव, ऑपरेशनचं नाव आणि तारीख, बाळाचं नेहमीचं सॅच्युरेशन, औषधं मापासकट, आणि रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर. कधी अचानक दुसऱ्या डॉक्टरांकडे धावावं लागलं तर या कागदाने त्यांचा बराच वेळ वाचतो. ताईच्या पर्समध्ये तो अजून असतो. घड्यांवर फाटायला लागला म्हणून तिने मागून चिकटपट्टी लावली आहे.